घुमणीची पाटी

आमच्या घरात कुकर नव्हता. एकदा आला होता. आप्पांनी दिवाळीच्या आधी आणला, आईनं खोक्यातून काढून पुसून फळीवर ठेवला, शेजारच्या बायका बघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिली शिट्टी झाली तेव्हा माझ्या बहिणीनं दोन्ही कानांवर हात दाबून भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. आईनं पेटता स्टो तसाच सोडून तिला कवेत धरलं, तर तिनं आईच्या दंडाला चावा घेतला. तिला कुणी धरलेलं सोसत नसे. कुकर मग आष्ट्याला मावशीच्या घरी गेला आणि आमचा भात पुन्हा पातेल्यात शिजायला लागला. आजही त्या घराची आठवण निघाली की मला आधी ऐकू येतं ते पातेल्यावरचं थडथडणारं झाकण, त्यामागून आईचं कण्हणं, कारण तिची कंबर तेव्हाच धरायला लागली होती, आणि या सगळ्याच्या वरून येणारा स्टँडचा भोंगा.

साताऱ्याच्या एस. टी. स्टँडच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. आप्पा कंडक्टर होते. त्यांची चामड्याची पिशवी आणि तिकिटांचा ट्रे दारामागच्या खिळ्याला असायचा, आणि घराला डिझेलचा, घामाचा आणि बंबातल्या जळणाचा असा एक मिश्र वास होता. भोंगा दिवसभर बोलायचा. आधी खरखरायचा, मग गळा साफ केल्यासारखा थांबायचा, आणि मग कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते सांगायचा. शिट्टीनं वेडीपिशी होणाऱ्या माझ्या बहिणीला हा भोंगा मात्र चालायचा. कितीतरी वर्षांनी मला त्याचं कारण सुचलं: भोंगा आधी खरखरून वर्दी द्यायचा. न सांगता अंगावर येत नसे.

तिचं नाव शालन. माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी आक्का म्हणायचो. शाळेत तिला घातलं होतं, पण घंटा झाली की ती बाकाखाली जायची, म्हणून शाळेनं नाव काढून घ्यायला सांगितलं. वाचायला मात्र ती शिकली, ते गाड्यांच्या पाट्यांवरून. तिच्या ताटात भाताला आमटी लागली तर ती ताट सरकवून द्यायची. भाकरी एका बाजूला, चटणी दुसऱ्या बाजूला, मधे रिकामी जागा. लोक तिला वेडी म्हणायचे, बरी माणसं मतिमंद म्हणायची. आई म्हणायची, "माजी पोर भोळी हाय, बाकी काय न्हाई."

आता मला शब्द माहीत आहे. माझ्या मुलीच्या शाळेत पालकांसाठी एक व्याख्यान होतं, तिथं एका तरुण डॉक्टरबाईंनी फळ्यावर 'स्वमग्न' असं लिहिलं आणि त्याखाली एकेक लक्षण लिहीत गेल्या. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. फळ्यावर कुणी माझ्या बहिणीचं चित्र काढावं तसं ते होतं. तरी तो शब्द मला पुरता पटला नाही. स्वतःत मग्न असलेली माणसं मी आयुष्यात पुष्कळ बघितली, त्यांतला एक मी. आक्का स्वतःत कधीच नव्हती. ती एका गावात होती.

त्या गावाचं नाव घुमणी. मेढ्याला गाडी जिथं थांबते तिथून पुढं, असं ती सांगायची. पुढं किती, ते ती सांगत नसे. संध्याकाळी आई तांदूळ निवडायला बसली की आक्का तिच्याजवळ पण तिला न चिकटता बसायची, खडे वेगळे करायची, आणि भोंग्याच्या आवाजात सुरू व्हायची: "घुमणीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे." मग साध्या आवाजात, आमच्या बोलीत, तिथली हकिगत.

"आज गाडीला उशीर हाय."

"का गं?" मी विचारायचो.

"सोनाबाई चढायचीय. तिच्या पिशवीत कोंबडी हाय. कोंबडी म्हनती, मी न्हाई येत."

"मग?"

"मग काय. डायवर म्हनला, थांबू की कोंबडीचं मन वळंस्तवर."

सोनाबाई घुमणीची पोस्टवाली. तिला वाचता येत नसे, ती पत्राचा वास घेऊन ते कुणाचं ते ओळखायची आणि कधी चुकत नसे. एक गुरुजी होते, ते पोरांना कंटाळा आला की स्वतःच घरी जायचे. घुमणीत वारा होता पण त्याला आवाज नव्हता. कुत्री होती पण ती भुंकायच्या आधी माणसाला विचारायची. आमच्याकडं एका लग्नात लाउडस्पीकर लागला होता आणि बुद्धवंदना, त्रिसरण झाल्यावर वरून फुलांच्या पाकळ्या पडल्या, तेव्हा अंगावर निखारे पडावेत तशी आक्का किंचाळली होती. सगळा मांडव नवऱ्या मुलीला सोडून आमच्याकडं बघत राहिला. त्यानंतर काही दिवसांनी तिनं सांगितलं, घुमणीतही लग्न झालं. बँड नव्हता. पाकळ्या लोकांनी टाकल्या नाहीत, नवरा-नवरीच्या हातात एकेक करून दिल्या. सगळं गाव रांगेत उभं होतं आणि कुणालाच घाई नव्हती. आई ऐकत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं. "लय चांगलं गाव हाय गं तुजं," आई म्हणाली. "मला बी न्हे की एकदा."

घुमणीत भेटण्याची एक रीत होती. ओळखीचं माणूस भेटलं की त्याच्या पायांकडं बघायचं. पायांवरून कळतं म्हणे माणूस किती लांबून आलंय, दमलंय का, त्याला बसायला सांगायचं का. डोळ्यांकडं बघायचं ते परक्याच्या. ज्याच्याशी आपलं काही नाही, त्याच्या. घरात आक्का आम्हा सगळ्यांच्या पायांकडंच बघायची. आप्पा ड्यूटीवरून आले की उंबऱ्यात थांबायचे, चपला काढून पाय पुढं करायचे आणि म्हणायचे, "काय शालनबाई, घुमणीला पाऊस हाय का?" ती त्यांच्या सुजलेल्या पायांकडं बराच वेळ बघायची आणि मग सांगायची, "बसा. आज उभ्यानं गेलाय सगळी खेप." आप्पा बसायचे. त्या घरात त्यांना बसा म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. आम्ही बाकीचे त्यांच्याकडं काही ना काही मागत असायचो.

मला घुमणीत नोकरी होती. मी पाट्या लावणारा. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर मी कोळशानं गावांची नावं लिहायचो आणि आक्का जी गाडी पुकारेल तिची पाटी दाराच्या खिळ्याला अडकवायचो. एकदा खेळायला जायच्या गडबडीत मी मेढ्याची पाटी तशीच ठेवली आणि तिनं घुमणी पुकारली होती. परत आलो तर आक्का दारासमोर उभी. ऊन डोक्यावर, आई आतून हाका मारून थकलेली, पण ती आत यायला तयार नाही. मी पाटी बदलली तेव्हा ती आत आली. मला रागावली नाही. समजावलं, जसं नव्या नोकरदाराला कुणी समजावून सांगतं: "मानूस खोटं बोलंल. टाइम चुकंल. डायवर पिऊन यील. पन पाटी खोटी लागत न्हाई विजू. पाटी खोटी लागली तर मानसानं बघायचं कशाकडं?"

कोयनेच्या भूकंपाचे धक्के तेव्हा अधूनमधून बसायचे. मांडणीवरची भांडी किणकिणली की सगळी चाळ पोराबाळांना घेऊन रस्त्यावर यायची. आक्का मात्र जमिनीला तळहात टेकून आत बसून राहायची, तिचा चेहरा उजळलेला असायचा. "गाडी आली," म्हणायची. आई उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक पाय अशी उभी राहून तिला बोलवायची. कितीदा तरी बघितलेलं हे दृश्य. आज वाटतं, आईचं सगळं आयुष्यच तसं उभ्यानं गेलं.

मग आक्का मोठी झाली. मुलगी मोठी होते तशीच झाली, पण तिला त्याचं काही नव्हतं. अंगावरची ओढणी टोचते म्हणून काढून टाकायची, अंगणात तशीच बसायची. चाळीतल्या पोरांच्या नजरा मला दिसायला लागल्या. दुपारी आईला डोळा लागायचा तेव्हा ती आक्काच्या ओढणीचं टोक आपल्या मनगटाला बांधून झोपायची. मी दहावीला होतो. अभ्यास करताना मागून घुमणीच्या गाड्या पुकारलेल्या ऐकू यायच्या, आणि ज्या हकिगतींसाठी मी पूर्वी जेवण टाकून बसायचो त्या मला आता नकोशा झाल्या. मित्रांना घरी आणत नव्हतो. पाट्या लावत होतो, पण न बघता, एखादं बिल भरावं तशा.

एका दुपारी आईला जाग आली तर मनगटाला नुसती ओढणी होती. आम्ही स्टँड पालथं घातलं. आप्पा कोल्हापूरच्या खेपेवर. तिन्हीसांजेला मेढ्याहून आलेल्या गाडीतून आप्पांच्या ओळखीच्या कंडक्टरनं तिला उतरवलं. मेढ्याच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली तरी ती उतरेना, पुढची पाटी लावा म्हणत बसली होती. काही झालं नव्हतं. पण काही होऊ शकलं असतं, हे त्या रात्रीपासून आमच्या घरात जेवायला बसायला लागलं. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "आवं कंडक्टरीनबाय, पोरीची जात. आज मिळाली. उद्या कोन काय करंल, आनि ती सांगनार बी न्हाई." आई म्हणाली, "तुमी गप बसा." पण स्वतः ती नंतर झोपलीच नाही.

सांगलीजवळ अशा मुलामुलींसाठी एक निवासी शाळा होती. आप्पा जाऊन बघून आले. स्वच्छ आहे म्हणाले, बायका प्रेमळ आहेत, दाराला कडी आहे. कडीचं त्यांनी दोनदा सांगितलं.  आईनं आक्काचे कपडे धुऊन घड्या घातल्या.

पहिल्यांदा नेताना जे झालं ते सगळं लिहिणार नाही. सांगलीची गाडी लागली होती. आक्कानं पाटी वाचली, "सांगली मला न्हाई," म्हणाली आणि मागं फिरली. आप्पांनी हात धरला. ती फलाटावर आडवी झाली आणि स्वतःचा हात चावायला लागली. आईच्या बांगड्या फुटल्या. भोवती माणसं जमली.

"आवं, कांदा हुंगवा, फिट आलीया."

"फिट कसली, लागीर हाय लागीर."

"ओ कंडक्टर, आवरा की पोरगी, गाडी काढायचीय."

"कंडक्टरचीच हाय व्हय? अरारा."

आप्पा गणवेशात होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरली आणि आक्काशेजारी फलाटावर मांडी घालून बसले. गाडी निघून गेली. मी खांबाच्या मागं उभा होतो. वर्गातला एक जण दिसला म्हणून मी खांबाच्या मागं गेलो होतो.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. आई भिंतीला टेकून बसली होती, आक्का कोपऱ्यात, हाताला हळद लावलेली. आणि मी बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं. पुढं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं की घरच्यांनी मला ते करायला लावलं, पण तसं नाही. मी म्हणालो, "आक्काला घुमणीची पाटी दावली तर ती आपल्या पायानं चढंल."

आईनं मान वर केली. "नको रं बाबा," ती म्हणाली. "पोर तेवढ्यावरच इस्वास ठेवती."

आप्पांनी माझा एक पुठ्ठा जवळ ओढला. मग म्हणाले, "कसं लिव्हायचं त्ये? घुमणी? दीर्घ ना?"

मला सुचलं याचा मला अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. परीक्षेत अवघड गणित सुटावं तसा.

पाटी डेपोतल्या पेंटरनं रंगवली. आप्पांबरोबर मी गेलो होतो. पेंटर ब्रश पुसत म्हणाला, "घुमणी? ही कुठली नवीन गाडी वं? कुठल्या अंगाला आलं?"

"जावळीत," आप्पा म्हणाले. "चालू व्हायचीय."

"रस्ता तरी हाय का तिथंवर?"

"हुतोय," आप्पा म्हणाले. बिनतिकिटाचा माणूस त्यांच्या गाडीतून कधी गेला नव्हता. ओला रंग लागू नये म्हणून त्यांनी ती पत्र्याची पाटी अंगापासून लांब धरली आणि तशीच घरापर्यंत नेली.

सकाळची सांगलीची गाडी. ड्रायव्हर आप्पांच्या दोस्तीतला. आक्का चढून बसेपर्यंत आमची पाटी समोर लावायची आणि मग त्यानं आपली सांगलीची लावायची असं ठरलं. पण ती लावायची कुणी? ड्रायव्हर हात पुढं करत होता. मी म्हणालो, मी लावतो. आक्का फलाटावर आईपासून हातभर अंतरावर उभी होती. मी बॉनेटवर चढून काचेखालच्या खाचेत पाटी बसवली आणि खाली उतरलो.

ती हसली नाही, टाळ्या पिटल्या नाहीत. तिनं वाचलं. ओठ हलले. मग तिनं गाडीच्या चाकांकडं बघितलं, एका चाकाकडून दुसऱ्याकडं, सावकाश, जसं आपण लांबच्या प्रवासाहून आलेल्या पाहुण्याकडं बघतो. मग ड्रायव्हरच्या पायांकडं. मग माझ्या.

"पाटी लावायला लय दिवस लावलंस," ती मला म्हणाली.

आईनं तिच्या हातात डबे दिले. भाकरीचा वेगळा, चटणीचा वेगळा, दह्याचा वेगळा. "आई, तू येऊ नगंस," आक्का म्हणाली. "घुमणीला चढ हाय. तुजी कंबर." आईनं पदर तोंडात धरला आणि ती वळली. आक्का आपल्या पायानं पायऱ्या चढली, खिडकीशी बसली, आणि प्रवासात नेहमी करायची तशी ओढणी तोंडावरून घेऊन डोळे झाकून बसली. वाऱ्याचा आणि उजेडाचा तिला त्रास व्हायचा. मी शेजारी बसलो. समोर ड्रायव्हरनं पाटी बदलल्याचा पत्र्याचा आवाज मी ऐकला. तिनं ऐकला का, मला माहीत नाही.

वाटेत ती ओढणीच्या आतून हळू आवाजात बोलत होती. सोनाबाईला काय सांगायचं. विजूला तिथं खरोखरची पाटी लावता येते हे गुरुजींना दाखवायचं. कराडच्या स्टँडवर भोंगा बोलला तेव्हा ती थांबली.

"कराड?"

"डिझेल घ्यायला आलीया गाडी," मी म्हणालो. "आता माघारी फिरंल."

तिनं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवायला तिला जरासुद्धा वेळ लागला नाही. पुढच्या बाकावरून आप्पांनी मागं वळून बघितलं आणि पुन्हा समोर तोंड केलं.

आमचं चुकलं ते आष्ट्यात. चोराच्या हातून एक तरी गोष्ट राहून जाते, तसं आमच्या हे लक्षातच आलं नव्हतं की सांगलीचा रस्ता आष्ट्यावरून जातो. आष्टा म्हणजे आईचं माहेर, दर उन्हाळ्यात आम्ही तिथं जायचो. तिथल्या स्टँडवर एक शेंगावाला होता, त्याचा आवाज चिरका आणि गाणं म्हटल्यासारखा. गाडी थांबली आणि तो खिडकीखालून ओरडला, "ए शेंगाऽऽ, गरम शेंगाऽऽ." आक्कानं तोंडावरची ओढणी काढली.

"आष्टा," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"आष्टा घुमणीच्या वाटंवर न्हाई."

मी खाली बघत होतो. तिच्या मांडीवरचे तीन डबे, त्यांवरची तिची बोटं. माझ्याकडं आणखी एक खोटं तयार नव्हतं. शेंगावाला दुसऱ्या खिडकीकडं गेला. तिनं विचारलं, "पाटी?" फक्त एवढंच. आणि मी मान वर केली तेव्हा ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

तिचे डोळे तपकिरी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी ते समोरून बघितले नव्हते. ती रडत नव्हती, रागावलेली नव्हती. गाडीत समोर बसलेल्या अनोळखी माणसाकडं आपण बघतो, तसं ती बघत होती. कुठला असेल, कुठं उतरेल.

आष्ट्यापासून सांगलीपर्यंत ती ताठ बसून होती. आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघ, कशी शांत हाय. उगंच भ्येत हुतो आपन." शाळेत ती आमच्या पुढं चालत आत गेली. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. शिपायाच्या डोळ्यांत बघितलं. आप्पांच्या डोळ्यांत बघितलं. बाई खूष झाल्या. "अरे वा, ही तर नजरेला नजर देऊन बघते," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं मुलं येतात ती वर्ष-वर्ष मान वर करत नाहीत. तुमची मुलगी छान सुधारेल बघा." आप्पांचा चेहरा फुलला. कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी कुणीतरी त्यांच्या मुलीबद्दल चांगलं बोललं होतं. मी काय करणार होतो? मी हो म्हणून मान हलवली.

येताना आप्पांनी भडंग घेतलं. ते घरी तसंच पुड्यात सादळलं.

मला खरं तर याच्या पुढचं सांगायला जास्त जड जातं. घर हलकं झालं. मी गाढ झोपायला लागलो. पास झालो, चांगल्या मार्कांनी. आई दुपारी मनगट मोकळं ठेवून झोपायची आणि कधी कधी झोपेत ते मनगट ओढायची. काही महिन्यांनी आष्ट्याहून मावशीनं कुकर परत पाठवला. पहिल्या शिट्टीला आई बाहेर जाऊन उभी राहायची, आणि आमच्यापैकी कुणीही तिला का ते विचारलं नाही. घुमणीची पाटी आप्पांनी डेपोत परत दिली नाही, घरीच ठेवली. पुढं ती पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून आली, अक्षरं खालच्या बाजूला करून.

आप्पा चुकले असं मी म्हणत नाही. त्या वेळी, त्या चाळीत, त्या दोन खोल्यांत दुसरं काय करता आलं असतं हे मला आजही सांगता येणार नाही. त्या शाळेत तिला कुणी मारलं नाही. ती चटया विणायला शिकली, तिला ताटात कप्पे मिळाले. मोठी झाल्यावर त्याच संस्थेच्या बायकांच्या घरात राहायला लागली आणि अजून तिथंच आहे. पाठवायचं तर सांगलीच्या पाटीनं पाठवायला हवं होतं. लोळली असती, चावली असती, आम्हाला पुन्हा परत आणावं लागलं असतं, पुन्हा न्यावं लागलं असतं. पण ती घुमणी तेवढी तिला राहिली असती, आणि तिथं मी राहिलो असतो.

आई-आप्पा गेल्यावर घर आवरताना पिंपावरची पाटी हाती आली. रंग उडालेला, पण वाचता येत होती. मी ती पिशवीत घालून सांगलीला घेऊन गेलो. काय वाटलं होतं मला कुणास ठाऊक. आक्काचे केस आता पिकलेत. तिनं पाटी हातात घेतली, वाचली, आणि भोंग्याच्या त्या जुन्या आवाजात म्हणाली, "सदर गाडी रद्द करण्यात आली आहे." मग ती मला परत दिली, नीट, दोन्ही हातांनी.

म्हणजे गाव गेलं, असं मला वाटलं होतं. तसं नाही. गेल्या पावसाळ्यात मी न कळवता गेलो. व्हरांड्यात आक्का चटई विणत होती आणि तिच्याजवळ, पण तिला न चिकटता, एक तरुण मुलगी बसली होती. ती मुलगी बोलत नाही असं मला तिथल्या ताईंनी पूर्वी सांगितलं होतं. मी खांबाशी थांबलो. आक्का तोंडातल्या तोंडात म्हणत होती, सोनाबाईनं आता दुसरी कोंबडी घेतलीय, ही आधीच्या कोंबडीपेक्षा ऐकणारी आहे. मग तिनं विचारलं, "पाटी लावलीस?" त्या मुलीनं मान हलवली. बरोबर लावली असणार. आक्काचा चेहरा उजळला होता.  मला बरं वाटलं, आणि या वयात त्या मुलीचा हेवाही वाटला. माझ्या बुटांचा आवाज झाला तशा दोघी गप्प झाल्या.

"पाहुणे आलेत," आक्का म्हणाली, आणि तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

मी आता दर महिन्याला जातो. जाताना भडंग नेतो, ते ती वेगळ्या वाटीत घेते. मी तिच्यासमोर स्टुलावर बसतो, चपला काढतो आणि मान खाली घालतो. तिच्या टाचांना भेगा पडल्यात. डाव्या अंगठ्याचं नख काळं झालंय, काहीतरी पडलं असावं. सकाळपासून उभी असेल तर घोटे सुजलेले दिसतात, तसे असले की मी म्हणतो, "बस आक्का." कधी बसते, कधी नाही. तिथल्या ताई येता-जाता हसतात. परवा त्या म्हणाल्याच, "अहो दादा, ती बिचारी एवढी तुमच्या तोंडाकडं बघते, आणि तुम्ही आपले खाली मान घालून. तिच्याकडं बघा की जरा."

"बघतोय," मी म्हणालो.